गैरहजर कुणी नाही

काच कापताना सायरन कुणाशी बोलत नसे. हे अख्ख्या बाजाराला माहीत होतं, दादाला तर केव्हापासून. तरी त्या सकाळी तो तिच्या फ्रेमच्या दुकानात शिरला तो बोलतच.

“फोटो काप असं मी म्हणतच नाहीये. भोवतीचा तो पुठ्ठ्याचा माउंट फक्त उजवीकडून चार बोटं रुंद कर. बस.”

सायरनने पट्टी धरली, काच कापायची हिरकणी एका दमात खालपर्यंत ओढली आणि काच टेबलाच्या कडेवर आणून अलगद दाबली. काच सरळ रेषेत दुभंगली. मग तिने हातमोजे काढले आणि भावाकडे पाहिलं.

“चार बोटं माझी की तुझी?”

“चेष्टा नको. दुपारी सभा आहे.”

सभा नानांची होती. नानांना जाऊन महिना झाला होता, आणि हा महिना दोघा भावंडांनी एकमेकांशी फक्त कामापुरतं बोलून काढला होता. आता हे काम निघालं होतं. टेबलावर जो फोटो पडला होता तो नाना फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन घरी आले त्या दिवशीचा. पायऱ्यांवर मधोमध गणवेशातले नाना, शेजारी आई, मागे नुकतीच मिसरूड फुटलेला दादा, पुढे दोन वेण्यांतली ती स्वतः. आणि उजव्या कडेला शेंडेफळ. सात वर्षांचं पोर, डोक्यावर नानांची टोपी, ती पार नाकापर्यंत आलेली, आणि त्या टोपीवर नानांचा हात.

ही नावं नानांचीच. घरातल्या प्रत्येकाला त्यांनी एकेक नाव चिकटवलं होतं आणि ते त्याला जन्मभर पुरलं. पाळण्यात जी रडून गल्ली गोळा करायची ती सायरन. दादा घराचा खांब. आई म्हणजे मुख्यालय, कारण सगळे हुकूम तिथूनच सुटायचे. वहिनी सून म्हणून घरात आली आणि पंधरवड्यात स्वयंपाकघर तिच्या ताब्यात गेलं, म्हणून ती रसद. दादाची मुलगी बाळपणी गोल गरगरीत होती. आता कॉलेजात जाते, शिडशिडीत आहे, तरी चेंडू ती चेंडूच.

“चार बोटं झाकली तर नानांचा हात जातो,” सायरन म्हणाली. “थेट खांद्यापासून. लोक विचारतील, हवालदारांचा हात कुठल्या लढाईत गेला?”

“एवढं कुणी बघत नाही.”

“मी बघते. तोच माझा धंदा आहे.”

दादा स्टुलावर बसला. आवाज खाली आणला. माजी सैनिक संघटनेचा नवा हॉल उभा राहत होता, आणि त्याला नानांचं नाव द्यायचा ठराव येत होता. त्यासाठी दादाने दोन वर्षं संघटनेच्या दारी खेटे घातले होते. सेक्रेटरीसाहेब आज स्वतः सभेला येणार होते, सगळं ठीक वाटलं तर तिथेच जाहीर करणार होते.

“आणि त्यांना मी सांगितलंय की धाकटा परदेशात असतो.”

“परदेशात?”

“मग काय सांगू? हवालदारांचा मुलगा ट्रेनिंगमधून पळाला, लष्करी तुरुंगात बसला, असं सांगू?”

“कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का, दादा?”

“तुला काय जातंय बोलायला. त्याला शोधत जीप दारात आली तेव्हा दार मी उघडलं होतं. माझं लग्न मोडता मोडता राहिलं. ऑफिसात वर्षभर लोक माझ्या मागे हसले. तू तेव्हा हॉस्टेलवर होतीस.”

यातलं काहीच खोटं नव्हतं, आणि म्हणूनच सायरनला जास्त राग आला. माणूस सरळसरळ चुकत असेल तर भांडण सोपं जातं. दादाचं दुखणं खरं होतं, फक्त त्याने ते कवटाळून इतकी वर्षं जपलं होतं की आता त्याला ते सुटत नव्हतं.

“मी त्याला फोन केलाय,” ती म्हणाली. “तो येतोय.”

दादा उठला. दारात थांबला. “आलाच तर मागच्या खोलीत बसव. सभा संपेपर्यंत. हात जोडून सांगतो.”

तो गेल्यावर सायरनने माउंट काढून कपाटात टाकला. फोटो तिने बिनमाउंटचा बसवला, कडेपासून कडेपर्यंत, टोपी, हात, पोर सगळं आत. वर काच ठेवली, मागे खिळे ठोकले. एकेक खिळा जरा जोरातच बसला.

दुपारी पुढची खोली माणसांनी भरली. खुर्च्या शाळेतून आल्या होत्या. निवृत्तीनंतर नानांनी त्या शाळेची बस चालवली, आणि शाळेने खुर्च्यांचं भाडं घ्यायला साफ नकार दिला होता. त्यांच्या बसमधून शाळेला गेलेली पोरं आता पोटं सुटलेली माणसं होऊन मागच्या रांगेत बसली होती. त्यातला एक दातांचा डॉक्टर उठून म्हणाला, “सुटताना एक पोर जरी कमी असलं तरी हवालदार गाडी हलवायचे नाहीत. एकदा मी संडासात लपून बसलो होतो. अख्खी बस माझ्या नावाने ओरडत होती. आजही उशीर झाला की मला ते ओरडणं ऐकू येतं.” लोक हसले. आईही हसली.

आई समोर खुर्चीत ताठ बसली होती. रडून झालं होतं तिचं. जे उरलं होतं ते तिने लोकांसमोर काढायचं नाही असं ठरवलं होतं. फ्रेम टेबलावर उभी होती. दादाने आत येताच ती पाहिली, सायरनकडे एक जळजळीत नजर टाकली आणि फुलदाणी उचलून फोटोच्या उजव्या कडेपुढे ठेवली. सायरनने ती उचलून खिडकीत ठेवली. जरा वेळाने फुलदाणी परत टेबलावर. तिसऱ्यांदा वहिनीने ती उचलली आणि सरळ स्वयंपाकघरात नेली. ती नेमकी कुणाच्या बाजूने होती ते तिच्या तोंडावरून काही कळलं नाही.

सेक्रेटरीसाहेब उंच, कोटावर बिल्ले लावलेले, बोलणं मोजूनमापून. माणूस वाईट नव्हता. नानांबद्दल त्यांना खरा आदर होता, आणि लढाईची गोष्ट त्यांनी मन लावून सांगितली. “वरून गोळे पडत होते, आणि हा गडी पाठीवर तारेचं रीळ घेऊन सरपटत होता. टेलिफोनची तुटलेली तार जागोजाग जोडत होता. मागे फिर, असा हुकूम सुटला. तरी फिरला नाही.”

“हुकूम मिळालाच नव्हता त्यांना,” आई म्हणाली.

सेक्रेटरी थांबले.

“तारच तुटली होती ना. हुकूम पोचणार कसा?”

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. आई पुढे म्हणाली, “मला ते सगळं सांगायचे. म्हणायचे, पाय लटलटत होते, तोंडाला कोरड पडली होती. पळालो नाही, कारण परतीचा रस्ता माहीत नव्हता. हे त्यांनी मुलांनाही सांगितलं. त्यांना कुणी शूर म्हटलं की ते आधी हे सांगायचे, मग चहा मागायचे.”

“ते त्यांचं मोठेपण,” सेक्रेटरी म्हणाले, आणि विषय बदलावा म्हणून आपुलकीने विचारलं, “धाकट्या चिरंजीवांना परदेशातून यायला जमलं नाही वाटतं?”

दादाने चहाचा कप खाली ठेवला. सायरनला वाटलं, आई आता गप्प बसेल. इतक्या लोकांत मोठ्या मुलाला उघडं पाडणारी बाई ती नव्हती. आईने दादाकडे पाहिलंही बराच वेळ. त्याने स्वतः सांगावं म्हणून ती थांबली होती, हे सायरनला नंतर कळलं. दादा जमिनीकडे बघत राहिला.

“परदेश म्हणजे नदीपलीकडे का?” आई म्हणाली. “मग हो, परदेशातच आहे. लिफ्ट दुरुस्त करतो. येईलच एवढ्यात.”

आणि तो आलाच. कुठल्याशा दवाखान्याच्या लिफ्टमध्ये माणसं अडकली म्हणून सकाळीच त्याला बोलावणं आलं होतं. तिथून तो तसाच आला होता. अंगात कामाचा डगला, पायांत ग्रीसने माखलेले जाड बूट. बूट त्याने दारात काढले, पण उंबरा ओलांडला नाही. वर्षानुवर्षं तो दादा घरी नसताना आला आणि दादा यायच्या आत गेला. भरल्या घरात शिरायची त्याची सवयच मोडली होती.

दादा झटकन दारापाशी गेला. “मागून ये. मागच्या खोलीत बस. एवढं आटपू दे.”

शेंडेफळ मान हलवून बूट उचलायला वाकलं. सायरन उठलीच होती, पण आईचा आवाज आधी आला.

“बूट तिथेच राहू देत. आत ये.”

“आई, ऐक जरा,” दादा म्हणाला.

“आयुष्यभर ऐकलं. आता सांगते.” आई सेक्रेटरींकडे वळली. “हा आमचा धाकटा. ट्रेनिंगला गेला, तिसऱ्या महिन्यात पळून आला. मार पडत होता की घाबरला होता ते मी विचारलं नाही, यांनीही विचारलं नाही. जेवायला वाढलं, झोपू दिलं. सकाळी यांनी त्याचे बूट पॉलिश केले, आणि स्वतः बसमध्ये बसवून जिथून पळाला तिथे नेऊन उभा केला. शिक्षा झाली. दर भेटीच्या दिवशी हे जायचे. सुटून आला तेव्हा म्हणाले, भोगलंस, विषय संपला. मग बाकीच्यांनी तो का चालू ठेवायचा?”

सायरनला ती सकाळ आईने इतक्यांदा सांगितली होती की आपण तिथेच होतो असं तिला वाटे. नाना पायरीवर बसलेले, मांडीवर पोराचा बूट, आणि ब्रश आधी टाचेवर. निघणाऱ्याची टाच आधी करायची, हा नानांचा नेम. माणूस निघाला की लोकांना त्याची टाचच दिसते. पोरगं रडत म्हणालं होतं, नाना, मी भित्रा आहे. नाना म्हणाले होते, “मीही होतो. मला रस्ता माहीत नव्हता, तुला होता. आपल्या दोघांत एवढाच फरक. गुन्हेगार असशील, पण गबाळा जाऊ नकोस.”

सेक्रेटरी आईला म्हणाले,

“वहिनीसाहेब, माझ्या मनात काही नाही. पण मला चार लोकांपुढे ठराव मांडायचा आहे. सैनिकांचा हॉल. उद्या कुणी उठून विचारलं की, याच घरातला मुलगा... तर मी काय सांगू? निदान आजच्यापुरतं, फोटो वगैरे निघतील, तेवढा वेळ हे आत बसले तर...”

“हॉलला नाव मिळावं म्हणून?”

“हो.”

“मग नका देऊ नाव,” आई म्हणाली. “त्यांच्या नावावाचून तुमचा हॉल काही गळणार नाही. आणि हॉलवाचून त्यांचं नाव काही पुसलं जाणार नाही. माझा मुलगा बापाच्या सभेत मागच्या खोलीत बसणार नाही.”

“आई, दोन वर्षं,” दादा म्हणाला. “दोन वर्षं मी त्यांच्यासाठी धावतोय. माझ्यासाठी नाही. त्यांच्यासाठी.”

“माहीत आहे. पण त्यांनी मागितलं होतं का?”

सेक्रेटरी उठले. फोटोपुढे उभे राहिले, टाचा जुळवून सलाम केला, आणि ते मनापासून होतं. मग ते निघाले. दादा त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेला, आणि खिडकीतून सायरनला त्याचे हात दिसत होते. आधी वर, समजावणारे, मग खाली.

मागच्या रांगेतली माणसं चुळबुळ करू लागली. सभा संपली की मोडली, कुणाला कळेना. तेवढ्यात आई खुर्चीचा हात धरून उठली.

“आज रविवार आहे. हजेरी राहिलीय.”

आता हजेरी काय ते बसमधल्या पोरांनाही ठाऊक होतं. दर रविवारी नाना घरातल्यांना ओळीत उभं करून नावं पुकारायचे. पहिलं नाव स्वतःचं. स्वतःच पुकारायचं आणि स्वतःच “हजर” म्हणून घर दणाणून सोडायचं. आणि एक नियम होता. या घरात गैरहजर कुणी नसतो. जो समोर नाही तो रजेवर, आणि त्याच्या वतीने कुणीतरी तसं सांगायचं. नाव एकदाच पुकारलं जाई. उशिरा येणाऱ्याने स्वतः येऊन सांगायचं आणि शिक्षा म्हणून सगळ्यांचे बूट पॉलिश करायचे. इतकी वर्षं नाना “शेंडेफळ” पुकारत आले आणि सायरन “रजेवर” म्हणत आली. दुसरं कुणी ते म्हणालं नाही. शेवटच्या रविवारी तर नानांचा आवाज इतका बसला होता की नाव ऐकायला सगळ्यांना पलंगावर वाकावं लागलं; तरी त्यांनी एकही नाव गाळलं नाही.

ओळ लागली. शेंडेफळ अजून उंबऱ्याशी घुटमळत होतं. चेंडूने जाऊन काकाचं मनगट धरलं आणि त्याला ओढत आणून आपल्या शेजारी उभं केलं.

“हवालदार,” आईने पुकारलं.

हे नाव ती गाळेल असं सायरनला वाटलं होतं. आईनेच उत्तर दिलं, दारावर आलेल्या माणसाला घरात नाहीत म्हणून सांगावं तितक्या साध्या आवाजात. “रजेवर.”

मग म्हणाली, “मुख्यालय. हजर.”

“खांब.”

खांब फाटकावर होता. सेक्रेटरींची गाडी निघून गेली होती आणि तो तिथेच उभा होता, घराकडे पाठ करून. कुणीतरी बोलायला हवं होतं. वहिनीचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. सायरनने दात घट्ट आवळले. नाही म्हणणार ती. इतकी वर्षं एकासाठी म्हटलं. ज्याने ते म्हणायला लावलं त्याच्यासाठी म्हणणार नाही. एकदा तरी या घरात त्यालाही गैरहजर राहू दे, कसं वाटतं ते कळू दे. तिला खरंच तसं वाटलं.

“रजेवर,” ओळीच्या टोकाकडून आवाज आला.

शेंडेफळ समोर बघत उभं होतं, हात बाजूला, पायांत नुसते मोजे. खिडकी उघडी होती आणि फाटक काही लांब नव्हतं. आईने मान डोलावली, जणू रोजचंच उत्तर आलं होतं.

“रसद.”

“हजर,” वहिनी म्हणाली आणि पदराआड तोंड लपवलं.

“सायरन.”

“हजर.” तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

“शेंडेफळ.”

सवयीने सायरनचं तोंड उघडलं. ‘रजेवर’ अगदी जिभेच्या टोकावर होतं. तिने जीभ चावली.

“हजर,” तो म्हणाला. हळू म्हणाला, आणि लगेच, नानांना हळू चालत नसे हे आठवून, पुन्हा मोठ्याने. “हजर!”

“चेंडू.”

“हजर.”

“बरं,” आई म्हणाली. “मोडा ओळ.”

पण ओळ मोडली नाही, कारण दारात दादा उभा होता. डोळे लाल, टाय सैल. तो आधी फोटोकडे बघत राहिला, मग ओळीकडे. ओळीत आई आणि वहिनी यांच्यामध्ये एका माणसाची जागा मोकळी सुटली होती. कुणी सरकून ती भरली नव्हती. तो येऊन तिथे उभा राहिला.

“खांब,” तो म्हणाला. “हजर. उशीर झाला.”

“शिक्षा ठाऊक आहे ना?” आईने विचारलं.

दादाने जिन्याखालून पॉलिशचा डबा काढला. डबा तोच, नानांचा, झाकण पोचलेलं. ब्रशात नानांच्या हातचं वाळलेलं पॉलिश अजून होतं. पाहुणे हळूहळू पांगले. दातांचा डॉक्टर जाता जाता शाळेच्या खुर्च्या रचून गेला. सायरन दाराला टेकून उभी राहिली. तिचा राग पुरता गेला नव्हता. हॉल गेला होता, आणि दादा ते रोज आठवणार होता. एका दिवसात माणसं धुऊन निघत नाहीत हे तिलाही कळत होतं. पण त्याने सगळ्या चपला-बुटांतून पहिली जोडी उचलली ती ग्रीसने माखलेली, हे तिने पाहिलं.

शेंडेफळ त्याच्या शेजारी पायरीवर येऊन बसलं. “ग्रीस आहे त्याला. पॉलिश धरणार नाही.”

“आधी पुसतो.”

दादाने चिंधीने बूट पुसला, खरवडला, परत पुसला. मग तो मांडीवर उलटा धरून टाचेला ब्रश लावायला गेला, आणि थांबला.

“निघायचंय का तुला?” त्याने बुटाकडेच बघत विचारलं.

“नाही.”

“मग टाच राहू दे,” दादा म्हणाला, आणि बूट फिरवून पुढून सुरुवात केली.